पावलाचं माप

१

दोड्डव्वाची आणि शांभवीची चप्पल एकाच मापाची होती. त्यामुळं घरात दोघींच्या चपलांचा कायम घोळ व्हायचा. शांभवी शाळेला निघायची, तर तिची चप्पल पायात घालून दोड्डव्वा आधीच मंडईला गेलेली असायची. मग शांभवी दोड्डव्वाची चप्पल घालून जायची आणि संध्याकाळी दारातच बोलणी खायची.

"काय गं बाई, माझी चप्पल घालून कुणासंगं पळून जाणार हायस?" दोड्डव्वा ओरडायची. सगळ्या गल्लीला ऐकू जायचं. शांभवी मान खाली घालून आत पळायची.

दोड्डव्वा म्हणजे शांभवीच्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको, बसव्वा. नवरा लवकर गेला होता, मूलबाळ नव्हतं. ती यांच्यातच, उत्तरेश्वर पेठेतल्या तीन खोल्यांच्या घरात राहायची. घरात एकूण पाच माणसं. दोड्डव्वा, लक्ष्मीपुरीत सुतळी आणि पोत्यांचं दुकान चालवणारे अप्पा, आई, नववीतली शांभवी आणि तिसरीतली सुष्मिता. आवाज चौघांना होता. शांभवीला तेवढा नव्हता, असं दोड्डव्वाच म्हणायची.

शेवटच्या वर्षात दोड्डव्वाच्या अंगात साखर फार वाढली. पाय सुजले, मग चिघळले, मग घोट्यापासून बोटांपर्यंत पट्ट्या आल्या. चपलांचा घोळ संपला. २००३ सालच्या दिवाळीनंतर एका मंगळवारी सकाळी ती गेली.

लिंगायतांत मयताला जाळत नाहीत. बसवून पुरतात. दोड्डव्वाला अंघोळ घालून, नवं लुगडं नेसवून, भस्म लावून सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, भिंतीला टेकवून बसवलं होतं. मान पडू नये म्हणून कपाळावरून कापड घेऊन मागं खुंटीला बांधलं होतं. लोक येत होते, हार घालत होते. शांभवी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. बसलेली दोड्डव्वा आता कुणाला तरी हाक मारेल असं तिला वाटत होतं.

तेवढ्यात रुद्रभूमीत, म्हणजे समाजाच्या दफनभूमीत, खड्डे खणणारा जोतीराम माप न्यायला आला. खड्डा मयताच्या पावलानं मापायचा अशी रीत होती. टाचेपासून अंगठ्यापर्यंत सुतळी लावायची, तेवढी तोडायची आणि तिच्या हिशेबानं लांबी, रुंदी, खोली काढायची.

अप्पांनी दुकानातली सुतळी काढली, दोड्डव्वाच्या पायाशी बसले आणि तसेच थांबले. पट्ट्यांत गुंडाळलेलं पाऊल उशीएवढं झालं होतं.

"ह्याचं काय माप घ्यायचं?" ते जोतीरामला म्हणाले. "हे वहिनीचं पाऊल न्हवंच. ह्या मापानं उकरलास तर हत्तीचा खड्डा हुईल."

"मग कसं करायचं, मालक? मला अंदाजानं चालत न्हाय. सांजच्या आत उरकायचं हाय."

अप्पांनी इकडंतिकडं बघितलं. त्यांची नजर शांभवीवर आली.

"हिकडं ये गं. वहिनीची आन हिची चप्पल एकच की."

आई पुढं आली. "अहो, जित्या माणसाचं माप देत्यात व्हय कुणी?"

"माप वहिनीचंच हाय. पाय तेवढा हिचा."

बोलणं सरळ होतं. आईला त्यात खोट काढता आली नाही. शांभवी उंबऱ्याशी उभी राहिली. नुकतीच अंघोळ झालेली, पाय ओले होते. सुतळी तळव्याला टोचत होती आणि गुदगुल्या होत होत्या. हसण्याची वेळ नव्हती म्हणून तिनं ओठ घट्ट दाबून धरले. अप्पांनी सुतळी तोडली, दोन्ही टोकांना गाठ मारली आणि जोतीरामनं ती खिशात घातली.

शांभवी बाजूला झाली. फरशीवर तिचं ओलं पाऊल उमटलं होतं. लोक ये-जा करत होते, पण ते वाळेपर्यंत त्यावर कुणाचा पाय पडला नाही, हे तिच्या लक्षात राहिलं.

२

रुद्रभूमीत जागा उरली नव्हती. म्हणून समाजाच्या मंडळानं दोन वर्षांपूर्वीच ठरवलं होतं की, जागा आता मुदतीनं द्यायची. मुदत संपली की घरच्यांनी यावं, पुढची मुदत घ्यावी, नाहीतर दगड घेऊन जावा. कुणीच आलं नाही तर दगड काढायचा आणि जागा दुसऱ्याला द्यायची. अप्पा मंडळात होते आणि हा ठराव त्यांनीच मांडला होता. त्यात वावगं काही नव्हतं. मेलेल्यांनी जागा अडवली तर मरणाऱ्यांनी जायचं कुठं, असं ते म्हणायचे.

दोड्डव्वाला मिळालेली जागा अशीच सुटलेली होती. लिंबाच्या झाडाजवळची. तिथं काळ्या दगडाची एक बसकी शिळा होती. वर कानडी अक्षरं होती, पण पावसानं इतकी झिजली होती की अप्पांनाही वाचता आली नाहीत. जोतीराम आणि त्याचा जोडीदार आकाराम यांनी सकाळीच पहारीनं ती उचकटून बाजूला लोळवली होती. असले बरेच दगड कुंपणाच्या भिंतीला टेकवलेले होते. काही पाण्याच्या नळापाशी पायऱ्यांसारखे बसवले होते, म्हणजे पाय धुताना चिखल होत नाही.

"हाबी नळापाशीच घालू काय?" आकारामनं विचारलं.

"घाला की," अप्पा म्हणाले.

शांभवी बेलाच्या पानांची परडी धरून खड्ड्याच्या काठावर उभी होती. खाली एका बाजूला मातीतच कोनाडा होता. त्यात मयताला बसवायचं.

"मालक, एक गंमत झाली," जोतीराम अप्पांना म्हणाला. "आदीचा खड्डा ह्याच मापाचा निघाला. सुतळीभर हिकडं न्हाय, सुतळीभर तिकडं न्हाय. कड जशीच्या तशी घावली. मला उकराय लागलंच न्हाय. नुसती भर काढली."

"हाडं?"

"काय न्हाय. कोनाडा मोकळाच."

"लई वर्सं झाली की. मातीच हुणार."

शांभवीनं कोनाड्यात बघितलं. आतली मागची माती गुळगुळीत होती. मधोमध, बसलेल्या माणसाची पाठ येईल तिथं, थोडी खोलगट झाली होती. अप्पांच्या दुकानात गल्ल्यामागच्या भिंतीला असंच झालं होतं. वर्षानुवर्षं टेकून बसल्यावर भिंतीचा चुना तसा झिजतो. पण ती भिंत अप्पांच्या पाठीएवढी रुंद झिजली होती. ही झीज अरुंद होती.

फावडं लागून तसं झालं असेल, असं तिनं ठरवलं.

दोड्डव्वा त्या कोनाड्यात मावली नाही. खांदे अडले, मग गुडघे अडले. जोतीराम खाली उतरून कडेची माती तासत राहिला. वर विधी करणारे स्वामी मंत्र म्हणता म्हणता थांबले. बायका कुजबुजायला लागल्या. अप्पांचा चेहरा पडला. शेवटी जोतीराम आणि आकारामनं मिळून तिला आत रेटून बसवलं. शांभवीनं तेवढा वेळ परडीतली पानं मोजल्यासारखी बोटांनी चाळली. वर बघितलं नाही.

सगळं झाल्यावर जोतीरामनं खिशातली सुतळी काढली आणि खड्ड्यात टाकली. तीही रीतच होती. मग माती पडायला लागली.

३

सुतकाचे दिवस गेले. पाहुणे आपापल्या गावी गेले. शांभवीची शाळा पुन्हा सुरू झाली.

स्वयंपाकघराच्या मागं एक खोली होती. तिला सगळे आतली खोली म्हणायचे. एका बाजूला दुकानातल्या जास्तीच्या गोणपाटांची चवड, दुसऱ्या बाजूला मोकळी भिंत, वर छोटी खिडकी. शांभवी त्या भिंतीशी मांडी घालून अभ्यासाला बसायची. तिथं कुणी तिला बोलायला लावत नसे.

एके दिवशी ती शाळेतून आली. दप्तर खांद्यावरच होतं. आई चुलीकडं तोंड करून भाकरी थापत होती. मागं न बघताच म्हणाली, "आतला कप आण की गं धुवायला."

"कुठला कप?"

"आत्ता चहा दिला न्हाय का तुला?"

"मी आत्ता येतोय, आई."

आईनं वळून बघितलं. दप्तराकडं बघितलं. "मग आत कोण बसलंय?"

आतल्या खोलीत कुणी नव्हतं. भिंतीशी, शांभवीच्या नेहमीच्या जागी, कप होता. रिकामा. तिनं उचलला तर अजून कोमट होता.

"सुषी प्यायली असंल," शांभवी म्हणाली.

"ती शेजारी खेळतीया."

"मग तूच प्यालीस आणि विसरलीस."

दोड्डव्वा गेल्यापासून घरातलं सगळं काम तिच्या एकटीवर पडलं होतं. दुपारी टेकली तर बसल्या बसल्या डोळा लागायचा. थकलेल्या माणसाला असं होतं. शांभवीनं कप विसळला आणि पालथा घातला. अभ्यासाला मात्र ती त्या दिवशी सोप्यात बसली.

४

"ताई, पुढचं सांग की," सुष्मिता म्हणाली.

दोघी आरशासमोर होत्या. शांभवी तिच्या वेण्या घालत होती.

"कसलं पुढचं?"

"त्या घराचं. ज्याचं दार वर असतंय."

शांभवीचे हात थांबले. "कसलं घर?"

"घे! आता लाज वाटती व्हय?" सुष्मितानं आरशातूनच डोळे वटारले. "काल दुपारी एवढं सांगितलंस. ते घर. त्याला खिडकी न्हाय, दार वर. आतली मुलगी कुणाला हाक मारती, खरं कुणाला ऐकूच जात न्हाय. मग एक दिवस कोणतरी दार काढतंय. आन मग?"

काल दुपारी शांभवी शाळेत होती. शाळेत चित्रकलेच्या बाईंनी सगळ्या वर्गाला उशिरापर्यंत थांबवून घेतलं होतं.

"मी तुला काही सांगितलेलं नाही, सुषी. तू झोपली असशील. स्वप्न पडलं असेल."

"स्वप्नात वेणी घालत्यात व्हय कुणी? तू माझी वेणी घातलीस. अज्जिबात ओढली न्हाईस. आत्ता कशी ओढतीयास बघ, आई गं!" तिनं डोकं हिसकावून घेतलं. मग जरा वेळानं, अगदी सहज, म्हणाली, "आत असतीस तवा चांगली असतीस तू."

शांभवीनं रिबीन बांधली. गाठ नीट बसली नाही. पुन्हा बांधली.

सुष्मिता थापा मारायची. वर्गात आपल्या घरी हरणाचं पिल्लू आहे असं सांगून आली होती ती. पण तिच्या थापा मोठ्या आणि खुशीच्या असायच्या. वर दार असलेलं घर तिच्या डोक्यातून निघणारं नव्हतं.

आणि शांभवीला दुसरंच काहीतरी लागलं होतं. तिनं आजवर कुणालाच गोष्ट सांगितली नव्हती. सांगावीशी वाटायची, तोंडाशी यायची आणि तिथंच राहायची. बहिणीला पुढचं सांग म्हणून मागं लागायला लावणारी ती दुसरीच कुणीतरी होती. ती घरात शांभवीच्या जागी बसत होती, आणि घरच्यांना ती जास्त आवडत होती. हे असंच चाललं तर एक दिवस दोघींतली खरी कुठली, हा प्रश्नच कुणाला पडणार नाही.

हे मनात आल्यावर तिला स्वतःचंच हसू आलं. मग आलं नाही.

५

रविवारी दुपारी तिनं आईला सांगितलं, "मी मैत्रिणीकडं जातो." ती बाहेर पडली, गल्लीच्या टोकापर्यंत गेली आणि परत येऊन पायरीवर बसली. दार लोटलेलं होतं. ऊन पडलं होतं. समोरच्या घरात रेडिओ लागला होता. पलीकडं कुणीतरी चटणी कुटत होतं.

थोड्या वेळानं आतून सुष्मिताचा आवाज आला. आतल्या खोलीतून.

"आन मग?" ती विचारत होती.

मग गप्प. एखाद्याचं ऐकून घ्यायला लागतो तेवढा वेळ गप्प. मग सुष्मिता हसली. "येडीच हाय ती!" पुन्हा गप्प. "तिला आई न्हाय?" पुन्हा गप्प, या वेळी बराच वेळ.

शांभवी पायरीवरून उठली. सुष्मिता खेळताना एकटीच बोलायची. बाहुल्यांशी बोलायची, मांजराशी बोलायची. पण एकटी बोलताना ती दोन्ही बाजूंनी बोलायची. समोरच्याचं बोलणंही तीच म्हणायची. इतका वेळ गप्प राहणं तिला जमतच नसे.

स्वयंपाकघरातून आईची हाक आली. झोपाळलेली. "शांभवी, झोपव गं तिला. उनात जाईल न्हायतर."

शांभवीला मैत्रिणीकडं जाताना आईनं स्वतः बघितलं होतं.

आणि आतल्या खोलीतून उत्तर आलं, "हं."

बारीक, बंद ओठांतून आलेलं. शांभवी असंच म्हणायची. पण ते तिनं म्हटलं नव्हतं. ती दारात उभी होती आणि तिचे ओठ कोरडे पडले होते.

आत जायला तिला वेळ लागला. रेडिओवरचं एक गाणं संपून दुसरं लागलं. मग तिनं दार ढकललं, सोपा ओलांडला, डुलक्या घेणाऱ्या आईच्या शेजारून गेली आणि आतल्या खोलीच्या चौकटीत उभी राहिली.

सुष्मिता भिंतीशी कुशीवर झोपली होती. तोंड थोडं उघडं, एक हात गालाखाली. तिचं डोकं जमिनीवर नव्हतं. जमिनीपासून वीतभर वर, मांडीवर ठेवावं तसं होतं. शांभवी बघत असतानाच ते हळूहळू खाली आलं आणि फरशीला टेकलं. झोपलेल्या मुलाला जाग येऊ नये म्हणून एखादी बाई आपली मांडी जपून काढून घेते, तसं.

सुष्मिताला जाग आली नाही.

शांभवीनं नंतर किती वेळा स्वतःला समजावलं. डोक्याखाली गोणपाटाची घडी असेल. ती सरकली असेल. पण गोणपाटं समोरच्या भिंतीशी चवडीत होती, आणि फरशी मोकळी होती.

६

ती सोमवारी शाळा सुटल्यावर घरी गेली नाही. लक्ष्मीपुरीत दुकानात गेली. अप्पा एका गिऱ्हाइकाला सुतळीचं बंडल बांधून देत होते.

"आज हिकडं कुठं गं? शाळेतनं हाकलली काय?"

गिऱ्हाईक जाईपर्यंत ती कडेला थांबली. मग तिनं सगळं सांगितलं. कप, वेण्या, वर दार असलेलं घर, "हं". एका दमात एवढं ती अप्पांशी कधीच बोलली नव्हती. अप्पा सुरुवातीला हसत होते. मग त्यांचं हसू थांबलं.

"शुक्रवारी सांजच्याला तू कुठं हुतीस?" त्यांनी विचारलं.

"आईबरोबर महाद्वार रोडला गेलतो. बांगड्या आणायला."

"मी आलो तवा तू आत बसलेलीस. भिंतीकडं तोंड, पाठ हिकडं. मी म्हणलं, दिवा तरी लाव गं. हं म्हणलीस."

दुकानासमोरून एक हातगाडी खडखडत गेली. अप्पा शांभवीकडं बघत राहिले. बघण्यात काहीतरी वेगळं होतं. नोट खरी की खोटी हे बघताना ते असंच बघायचे.

"लहानपणी तू कशावरनं पडलीस?" त्यांनी एकदम विचारलं.

"वारणानगरला. आत्याच्या क्वार्टरच्या जिन्यावरनं. तुम्ही म्हणाला, आईला सांगू नको."

अप्पांनी सुस्कारा सोडला. गल्ला बंद केला.

"माझंच चुकलं," ते म्हणाले. "वहिनीला तिथं बसवताना बघितलं की मी. ती जागा तिची न्हवतीच. माप तुझं दिलं, आन आत रेटली तिला. घरातली तुझी जागा मोकळी केली म्हणायची, आन खालचीला भाईर काढली." ते उठले. "चल. दगुड परत बसवू."

शेजारच्या दुकानदाराला लक्ष ठेवायला सांगून त्यांनी स्कूटर काढली.

७

रुद्रभूमीत उन्हं कलली होती, पण उजेड चांगला होता. जोतीराम आणि आकाराम भिंतीशी विडी ओढत बसले होते.

"दगुड?" जोतीराम म्हणाला. "त्यो पायरीला घातला की, मालक. मस्त बसलाय."

"काढ."

"आन ठिवायचा कुठं? जागा आता तुमच्या वहिनीची."

"तिथंच ठिवायचा. शेजारी. दोघी ऱ्हातील."

"मंडळ काय म्हणंल?"

"मंडळ मीच हाय. पहार आण."

दगड निघायला वेळ लागला. खालची ओली माती त्याला धरून बसली होती. तिघांनी तो लोळवत लिंबाच्या झाडापर्यंत नेला आणि दोड्डव्वाच्या जागेजवळ उभा केला. अप्पांनी स्वतःच्या हातानं भोवती माती दाबली. शर्ट मळला, घाम आला. मग त्यांनी बेलाचं पान ठेवलं, हात जोडले आणि कुणी ऐकलं तर ऐको अशा आवाजात म्हणाले, "चुकलं आमचं. ही जागा तुझीच हाय. आता पोरीला सोड."

वारा नव्हता. लिंबाचं एकही पान हललं नाही. तरी शांभवीला मोकळं वाटलं. अप्पांनाही वाटलं असावं. ते जोतीरामशी थट्टा करायला लागले. जाताना भडंग घेऊ म्हणाले.

"पाय धुऊन ये जा, चिखल लागलाय," ते तिला म्हणाले.

नळापाशी, जिथून दगड काढला होता, तिथं आता खड्डा झाला होता आणि त्यात पाणी साठत होतं. शांभवी दुसऱ्या दगडावर उभी राहिली आणि पाय धुवायला वाकली. पाणी गार होतं. मागं स्कूटरला किक मारल्याचा आवाज आला. एकदा, दोनदा. मग ती सुरू झाली.

"बसलीस काय?" अप्पांचा आवाज.

"हं."

शांभवीनं वळून बघितलं. स्कूटर फाटकातून बाहेर पडत होती. अप्पांच्या मागं कुणीतरी बसलं होतं. निळा शाळेचा स्कर्ट, पाठीवर एक वेणी, एक हात अप्पांच्या खांद्यावर. सगळं बरोबर होतं. फक्त सीटच्या दोन्ही बाजूंना पाय लोंबत नव्हते. कुठल्याच बाजूला नव्हते. मागं बसलेली ती, जेवायला बसल्यासारखी, सीटवर मांडी घालून बसली होती.

"अप्पा!"

शांभवी पळाली. तिचा आवाज वर्गात दुसऱ्या बाकापर्यंतही जात नसे. तरी तिनं होता तेवढा काढला. "अप्पा! अप्पा, मी इथं आहे!"

अप्पांनी मान थोडी वळवली. पण ती मागं बसलेल्या मुलीकडं वळवली. ती काहीतरी बोलली असावी, कारण अप्पा मोठ्यानं हसले. शांभवीशी बोलताना ते असे कधी हसले नव्हते. मग स्कूटर वळणावरून दिसेनाशी झाली.

"ए पोरी!" जोतीराम तिच्या मागं उभा होता. हातात फाटकाचं कुलूप. "हितं काय करतीस? कुणाची गं तू?"

"मी... महालिंगअप्पांची. सुतळीवाल्यांची."

जोतीरामच्या कपाळाला आठ्या पडल्या. "उगं कायबी सांगू नको. त्यांची पोर आत्ता बापाच्या मागं बसून गेली. मी बघितलं की. खरं सांग, कुठनं आलीस?"

ती चालायला लागली. फाटकाबाहेर नेहमीचाच रस्ता होता. उसाचे ट्रॅक्टर जात होते, एक बाई म्हैस हाकत होती. कुणी तिच्याकडं बघत नव्हतं, पण कुणी कधीच बघत नसे, त्यावरून काही ठरवता येत नव्हतं. दारात गेल्यावर काय म्हणायचं याची ती वाटभर जुळवाजुळव करत राहिली. आधी नाव सांगायचं. मग आईला सांगायचं की मला हात लावून बघ. मोठ्यानं सांगायचं, पुटपुटायचं नाही. आणि आतल्या खोलीचं दार आधी बंद करून घ्यायचं.

घरासमोर स्कूटर उभी होती. तिनं कडी वाजवली.

सुष्मितानं दार उघडलं. तिच्या गालात भडंग भरलेलं होतं. ती चावत चावत शांभवीकडं बघत राहिली. कपाळाकडं, वेणीकडं, ओल्या पायांकडं. नव्या माणसाकडं बघतात तसं, नीट आणि जरा लाजून. सुष्मिता कुणाला लाजत नसे.

"सुषी, मी," शांभवी म्हणाली. मोठ्यानं म्हणायचं ठरवलं होतं. तेवढ्या मोठ्यानं ते आलं नाही.

"आई, पावणं आल्यात," सुष्मितानं आत वळून सांगितलं.

"कोण हाईत?"

"ठाऊक न्हाय. एक मुलगी हाय."

स्वयंपाकघराचं दार उघडं होतं आणि त्याच्या पलीकडं आतल्या खोलीचं. तिथं दिवा लागला होता. चौकटीच्या कडेला एक गुडघा दिसत होता, निळ्या स्कर्टनं झाकलेला, मांडी घातलेल्या माणसाचा. त्याच्यासमोर अप्पा भडंगाची पुडी घेऊन बसले होते आणि मन लावून काहीतरी ऐकत होते.

"आत घे की मग," आईचा आवाज आला, मायेनं भरलेला, दारात आलेल्या कुणाशीही ती बोलायची तसा. "बसाय सांग त्यांना. पाणी आणतो."

सुष्मितानं कोपऱ्यातली चटई ओढली आणि सोप्यात भिंतीशी अंथरली.

"बसा," ती म्हणाली.

शांभवी बसली नाही. आईचे पाय स्वयंपाकघरातून जवळ येत होते. तिनं भिंतीपासून लांब, सोप्याच्या मधोमध, दोन्ही पावलं फरशीवर घट्ट रोवली आणि ती उभीच राहिली.